ओळ जशीच्या तशी परत द्या

जमलेल्या मंडळींनो, वत्सलावहिनी, शेठजी, शोभाताई, आणि बेल्याहून, तामसीहून बस धरून आलेल्या सगळ्या माणसांनो,

मला बोलता येत नाही. हे आधीच सांगतो. मी कागदावर लिहून आणलं आहे, आणि लिहिलेलं पुन्हा पुन्हा खोडलं आहे. शब्द चुकेल याची मला नेहमीच भीती असते. मधुभाऊ मला त्यावरून हसायचे. "दिलप्या, लेका, तू तं श्वासबी तपासून घेत अशीन." आज मला माझंच अक्षर नीट दिसत नाही. सांभाळून घ्या.

ही जागा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. एरवी इथे सरकी काढणारी जिनिंगची यंत्रं चालू असतात, शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागतं. आज शेठजींनी यंत्रं बंद ठेवली. मला ही शांतता सहन होत नाही. वाटतं, कोणीतरी बटण दाबावं आणि माझं बोलणं कोणाला ऐकूच जाऊ नये.

मधुभाऊ गेल्या मंगळवारी गेले. ताप डोक्यात चढला. इथल्या डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं. जीपमध्ये वहिनी होत्या, मी होतो. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत पांढरकवडा यायच्या आधीच सगळं संपलं. चाळिशीही गाठली नव्हती त्यांनी.

तेव्हापासून मला जो भेटतो तो एकच विचारतो. दिलीप, शेवटी काय म्हणाले? ते काहीतरी म्हणाले, हे खरं आहे. ओठ हलले. जीपच्या आवाजात मला कळलं नाही. लोक म्हणतात, अरे, देवाचं नाव घेतलं असेल, पोरीचं नाव घेतलं असेल, सांगून टाक, तेवढंच वहिनींना बरं वाटेल. वहिनी, मला माफ करा. मला माहीत नाही. जे मला माहीत नाही ते मी तुम्हाला देणार नाही. हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. "माहीत नसलं तं मनचं भरू नोको," असं ते म्हणायचे.

ते हे कशाबद्दल म्हणायचे, ते मला आज सांगायचं आहे. कारण ऑफिसच्या त्या खोलीत बसून मधुभाऊ नेमकं काय करत होते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नाही. तुम्ही म्हणता, कॉम्प्युटर चालवत होते. खरं आहे. पण तेवढंच ठाऊक राहिलं, तर सोमवारी जे होणार आहे ते थांबणार नाही.

सोमवारी नवे कॉम्प्युटर येणार आहेत. माउसवाले, रंगीत पडद्याचे. आणि आपलं जुनं युनिक्सचं यंत्र, त्याची काळी-हिरवी टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कळा असलेल्या त्या पेट्या, भंगारवाला उचलून नेणार आहे.

शोभाताई, काल मी तुम्हाला विचारलं होतं, तुमच्याबद्दल बोलू का म्हणून. तुम्ही म्हणालात, "बोल. लपवाले काय हाय त्यात?" म्हणून बोलतो.

शोभाताई या शेडमध्येच जिनिंगवर कामाला होत्या. एका हंगामात उजवा हात यंत्राच्या रोलरमध्ये गेला. त्या हाताची बोटं राहिली नाहीत. डाव्या हाताची दोन चालतात. हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना दवाखान्यात नेणारे इथेच बसले आहेत. त्या बऱ्याच दिवस घरी बसल्या. मग शेठजींनी त्यांना ऑफिसात जागा दिली. शेठजी, ते तुमचं मोठेपण आहे, आणि मी आज जे मागणार आहे ते त्या मोठेपणाच्या भरवशावर मागणार आहे.

ऑफिसात काम काय? फाटकावर कापसाची गाडी आली की टर्मिनलवर एक ओळ लिहायची. आधी हुकूम, म्हणजे यंत्राने काय करायचं ते. मग गाव. मग शेतकऱ्याचं नाव. मग कापसाची जात. मग वजन. दोन बोटांनी एवढी लांब ओळ लिहायची. बाहेर बैल उभे, ट्रॅक्टर उभे, माणसं ओरडताहेत. पहिल्या दिवशी ताईंनी एक ओळ लिहिली आणि पदराने तोंड पुसत बसल्या. मी समोरच्या टर्मिनलवर होतो. मला बघवलं नाही.

मधुभाऊंनी बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे लिहिणं अर्धं यंत्रानंच कराले पायजे."

आपण लिहिलेली ओळ वाचून जो प्रोग्रॅम यंत्राकडून काम करून घेतो, त्याला शेल म्हणतात. त्यात टॅब नावाची एक कळ असते. अर्धा शब्द लिहून ती दाबली की शेल उरलेला शब्द पुरा करतं. पण आमच्या शेलला पुरी करता यायची ती फक्त यंत्रातल्या फायलींची नावं. त्याला बेला माहीत नव्हतं, तामसी माहीत नव्हतं, शेतकरी माहीत नव्हते.

मधुभाऊंचा एक मित्र हैदराबादला होता. त्याच्याकडून त्यांनी त्या शेलचा मूळ मजकूर, म्हणजे ते बनवताना लिहिलेल्या सगळ्या ओळी, फ्लॉपींवर आणला. मी म्हणालो, सोपं आहे, सगळ्या गावांची नावं शेलच्या पोटातच लिहून टाकू.

ते माझ्यावर उखडले. "आन उद्या अडत्याची नावं लागली तं? परवा ट्रॅक्टरचे नंबर लागले तं? दर वक्ताले शेलचं पोट फाडत बसशीन का? शेलले बेला काऊन माहीत पायजे? ज्याले माहीत हाय त्याले विचारता आलं पायजे, बस."

मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर खुंटी होती, तिला माझा शर्ट टांगलेला होता. "ते पाय. भिंतीले तुह्या शर्टाचं माप माहीत हाय का? खुंटी ठोकली, काम झालं. मंग ज्याले जे टांगाचं थे टांगा."

तेव्हापासून आमच्या खोलीत त्या गोष्टीचं नाव खुंटीच पडलं. पुस्तकात त्याला हूक म्हणतात. शेलमध्ये त्यांनी ओळीतल्या प्रत्येक जागेसाठी एक रिकामी खुंटी ठोकली. गावं माहीत असलेला छोटा प्रोग्रॅम एका खुंटीला टांगला. शेतकऱ्यांची नावं माहीत असलेला दुसरीला. टॅब दाबली की शेल त्या प्रोग्रॅमला हाक मारायचं आणि विचारायचं: हुकूम हा आहे, मागचा शब्द हा आहे, बाईंनी आतापर्यंत एवढी अक्षरं लिहिली आहेत. बोल, पुढे काय असू शकतं?

मला ते कळेना. मी विचारलं, तो प्रोग्रॅम आपणहून का येत नाही? हाक मारायची वाट का बघायची?

मधुभाऊ बेल्याकडच्या गावातले. म्हणाले, "तुह्या गावात आवतण कसं देतेत?"

मी सांगितलं. सकाळी माणूस घरोघर जाऊन आवतण देतो, आज आमच्याकडे जेवायला या. पण म्हणून कोणी उठून जात नाही. पंगत मांडली, पानं वाढली, की तोच माणूस पुन्हा दारात येतो आणि म्हणतो, चला जी जेवाले. दुसरं बोलावणं आल्याशिवाय जायचं नाही. अगोदर जाऊन बसला तर गाव हसतं.

"झालं तं मंग. सकाळी खुंटीले नाव टांगलं, थे आवतण. टॅब दाबली, थे बलावणं. बलावलं की याचं, इचारलं तेवढं सांगाचं. आन दुसऱ्याच्या ताटात हात घालाचा नाही." म्हणजे, प्रोग्रॅमने उत्तर फक्त सांगायचं. ओळीला हात लावायचा नाही. ओळ बाईंची आहे.

मंडळींनो, मी दहावी नापास माणूस आहे. पुस्तकातली हूकबद्दलची ती दोन पानं मी कितीदा वाचली होती, मला एक अक्षर कळलं नव्हतं. त्या दुपारी कळलं.

आणि चूकही त्याच आवतणातून झाली. ती सांगतो. ती सांगितली नाही तर मधुभाऊ तुम्हाला कळणार नाहीत.

शेतकऱ्यांची नावं फाटकाजवळच्या वजनकाट्यावरच्या यंत्रात असायची. तिथून ऑफिसपर्यंत तार टाकली होती. शोभाताईंनी टॅब दाबली की खुंटीवरचा प्रोग्रॅम तारेवरून काट्याला विचारायचा आणि उत्तर आणायचा. हंगाम भरात होता. ताईंनी हुकूम लिहिला, गाव लिहिलं, नावाची दोन अक्षरं लिहिली, टॅब दाबली. आणि पडदा थिजला. काहीच होईना. त्यांनी पुन्हा दाबली. काही नाही. बाहेर रांग वाढत चालली. एक गाडीवान खिडकीत डोकं घालून म्हणाला, "ओ बाई, झोपली का तुमची पेटी? उठवा तिले, बैलं उभेच हायेत माहे!" त्याच्या मागून तेलुगूत कोणी, उर्दूत कोणी ओरडत होतं.

शेठजी आले. आठवतं ना शेठजी? "मधुभाऊ, ये क्या तमाशा है?"

मधुभाऊ शांतपणे म्हणाले, "उत्तर येऊन राह्यलं, शेठजी."

"कहाँ से आ रहा है?"

"काट्यावरून."

"अरे बाबा, काटे पे तो घंटेभर से लाइट नहीं है!"

हसा. तुम्ही हसलात, बरं वाटलं. त्यांनाही आवडलं असतं.

काट्याकडची वीज गेली होती. खुंटीवरचा प्रोग्रॅम अंधाराला विचारत होता, आणि शेल त्याच्यासाठी थांबलं होतं. कारण मधुभाऊंनीच तसं लिहिलं होतं. बोलावलेलं माणूस येईपर्यंत पंगतीत पहिला घास उचलायचा नाही, हे त्यांच्या हाडात होतं. मी लिहिताना म्हणालोही होतो, उत्तर आलंच नाही तर? ते म्हणाले होते, "बलावलं आन न थांबता जेवाले बसले, असं कुठी असते का?"

शेवटी माझ्या टर्मिनलवरून ताईंचं शेल बंद करावं लागलं. त्यांची अर्धी लिहिलेली ओळ त्याबरोबर गेली. मधुभाऊ त्यांच्या मागे उभे होते. ताई रडल्या नाहीत. त्यांनी डावा हात उचलला आणि ती ओळ पहिल्या अक्षरापासून पुन्हा लिहायला घेतली. एक एक अक्षर. मधुभाऊंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. जीपमध्येसुद्धा त्यांचा चेहरा तसा नव्हता.

नंतर म्हणाले, "मी तिले पंगतीत बसवलं रे. पंगतीतलं माणूस भुकेलं थांबू शकते. हिनं काऊन थांबाचं? हिची एवढ्या कष्टाची ओळ मी अडवून ठेवली. आन मंग गिळलीबी."

त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. मी तो त्यांच्याच शब्दांत तोंडपाठ केला आहे. हाक मारावी. थोडं थांबावं. उत्तर आलं नाही तर घंटी वाजवून माणसाची ओळ त्याच्या हाती परत द्यावी. जशीच्या तशी. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही.

दुसरा नियम त्यातूनच निघाला. खुंटीवरच्या प्रोग्रॅमला दोन उत्तरं वेगळी देता आली पाहिजेत. "नाही", म्हणजे असं नावच नाही, हे एक. "मला माहीत नाही" हे दुसरं. "नाही" म्हटलं तर शेलने तिथेच थांबायचं. "माहीत नाही" म्हटलं तर शेल दुसरीकडे विचारू शकतं. ही दोन उत्तरं एक केली, की शेल मनचंच काहीतरी भरतं. आमच्याकडे एकदा शेतकऱ्याच्या नावाच्या जागी फायलीचं नाव भरलं गेलं होतं, आणि हमालांनी दिवसभर ताईंना त्यावरून चिडवलं होतं. "माहीत नसलं तं मनचं भरू नोको," हे वाक्य तेव्हाचं आहे.

तर असं ते काम. हळूहळू गाव, नाव, जात, सगळ्या खुंट्या भरल्या. या हंगामात शोभाताई माझ्यापेक्षा भरभर ओळी लिहायला लागल्या होत्या. खोटं नाही सांगत. गाडीवान खिडकीत यायच्या आत त्यांची ओळ तयार असायची. तो मघाचा गाडीवान एकदा म्हणाला, "बाई, आता आमालेच उशीर होऊन राह्यला." ताई कधी नाही त्या हसल्या.

एक खुंटी रिकामी राहिली. वजनाची. काट्यावर झालेलं वजन टॅब दाबल्यावर सरळ ओळीत यावं, एवढंच उरलं होतं. "गाड्याईची गर्दी कमी झाली की बसतो त्याले," असं म्हणाले होते. गर्दी कमी व्हायच्या आधीच ताप आला.

मी परवापासून ती खुंटी भरायला बसलो आहे. मला जमत नाही. मी मन घट्ट करून सांगतो, मला जमत नाही. एक चूक काढली की दुसरी येते. प्रत्येक वेळी मान वर करून मी त्यांच्या खुर्चीकडे बघतो, विचारायला. मी कोणाला विचारू? मला सांगा, आता मी कोणाला विचारू? ताई वजनाच्या जागी टॅब दाबतात, आणि टर्मिनलची घंटी वाजते. पुन्हा दाबतात, घंटी वाजते. त्यांना माहीत आहे की उत्तर येणार नाही. तरी दाबतात. मी त्यांना दाबू नका म्हणू शकत नाही.

आणि सोमवारी ती घंटीसुद्धा जाणार.

नव्या कॉम्प्युटरवाले नागपूरचे साहेब मागे आले होते. चांगले आहेत, मला खुर्ची दिली. मी विचारलं, यात अर्धा शब्द लिहून पुढचा विचारता येतो का? ते म्हणाले, माउसने निवडायचं. मी म्हणालो, माउस धरायला हात लागतो. मग म्हणालो, निदान एखादी खुंटी ठेवता का, नंतर काही टांगता येईल अशी? त्यांनी विचारलं, "कसली खुंटी?" मी खूप समजावलं. आवतणाचंही सांगितलं. मधुभाऊंसारखं मला सांगता येत नाही.

शेठजी, तुम्ही वाईट माणूस नाही. तुम्ही म्हणालात, शोभा को घर बैठे तनख्वाह देंगे. तुम्ही द्यालही, मला शंका नाही. ताई काय म्हणाल्या ते तुमच्यापर्यंत पोचलं नसेल. त्या मला म्हणाल्या, "दिलीपभाऊ, बोटं गेली तवा घरी बसूनच होती मी. भिंत पाहात. मले पुन्यांदा भिंत नोको."

म्हणून मी इथे उभा आहे. शोकसभेत असं काही मागायचं नसतं, हे मला कळतं. घरच्या म्हाताऱ्यांनी बजावून पाठवलं आहे, चार चांगले शब्द बोल आणि खाली बस. पण चार चांगले शब्द बोलून मी खाली बसलो, तर मधुभाऊ दुसऱ्यांदा जातील. त्यांचं दुसरं काही मागे राहिलेलं नाही. पोरगी लहान आहे, घर भाड्याचं आहे. त्यांचा जीव त्या शेलमध्ये आहे. भंगारवाला ते लोखंड म्हणून उचलेल.

नवे कॉम्प्युटर आणा. मी स्वतः खोकी उतरवून घेईन, झाडून पुसून ठेवीन. फक्त ते जुनं यंत्र आणि ताईंचं एक टर्मिनल कोपऱ्यात राहू द्या. हा एक हंगाम. रिकामी खुंटी मी भरीन. मधुभाऊंच्या हैदराबादच्या मित्राला मी कळवलं आहे. भरली नाही, तर पुढच्या हंगामाला मीच ते यंत्र उचलून बाहेर ठेवीन. तुम्हाला सांगावं लागणार नाही.

आता मी विचारून चुकलो आहे. कळ दाबली आहे.

तुमचं उत्तर "नाही" असेल, तर नाही म्हणा, आम्ही तिथेच थांबू. "माहीत नाही" असेल, तर तसं सांगा, आम्ही दुसरीकडे विचारू. आज काहीच सांगता येत नसेल, तरी चालेल. फक्त उत्तर यायच्या आत त्या बाईची ओळ पुसू नका. तिने ती दोन बोटांनी लिहिली आहे. ती तिला जशीच्या तशी परत द्या.

माझा कागद संपला.

वहिनी, तुम्ही बसूनच राहा. बाकीच्यांनी उभं राहावं. ज्यांच्या डोक्यावर टोपी, रुमाल असेल त्यांनी हातात घ्यावा. आपण थोडा वेळ काही बोलू नये. यंत्रं बंदच आहेत.

मधुभाऊ, आम्ही हाक मारली आहे. तुमचाच नियम आहे, थोडं थांबायचं. आम्ही थांबतो. मग आपापल्या ओळीवर परत जातो.

तुम्हाला नमस्कार.